ऑर्वेल आणि ‘सदृश’ शब्दांचे राज्य

२०२३ च्या पावसाळ्याने नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे पाठ फिरवली. ऑक्टोबर संपता संपता राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत या जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर आणि येवला हे तीन तालुके होते. पुढे नोव्हेंबरमध्ये राज्यातील आणखी १,०२१ महसूल मंडळांची यादी निघाली. त्या मंडळांत मात्र दुष्काळ नव्हता. तेथे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ होती. तालुक्याच्या शिवेवर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला अलीकडची जमीन दुष्काळात आणि पलीकडची दुष्काळासारख्या कशात तरी आहे, हे डोळ्यांनी ओळखता येणे शक्य नव्हते. विहीर दोन्हीकडे कोरडी होती आणि पीक दोन्हीकडे करपले होते. फरक होता तो कागदावरील ‘सदृश’ या तीन अक्षरांचा.

या तीन अक्षरांकडे ज्याने सर्वांच्या आधी बोट दाखवले असते, असा एक इंग्रज लेखक १९५० च्या जानेवारीत लंडनमधील एका रुग्णालयात क्षयाने वारला. तेव्हा त्याचे वय अवघे शेहेचाळीस वर्षांचे होते. जॉर्ज ऑर्वेल हे त्याचे लेखनातील नाव. खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म बिहारमधील मोतिहारीचा, १९०३ सालचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. मूल वर्षाचे होते न होते तोच आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पुढे १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे त्याने ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलीस खात्यात काढली आणि साम्राज्याचा कायमचा वीट घेऊन तो परतला. ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या त्याच्या दोन उपरोधिक कादंबऱ्या. पाऊणशे वर्षे उलटली तरी त्यांचा अंमल ओसरलेला नाही. त्याच्या समकालीनांपैकी अनेक थोर लेखक आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत उरले आहेत. ऑर्वेल मात्र लोकांच्या बोलण्यात उरला आहे.

परंतु तो नेमका कोणत्या स्वरूपात उरला आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ऑर्वेलची सर्वांत लोकप्रिय निर्मिती घराघरांत पोचली ती त्याच्या नावाशिवायच. ‘नाइन्टीन एटी-फोर’मधील अदृश्य, सर्वसाक्षी ‘बिग ब्रदर’ १९९९ साली हॉलंडमध्ये दूरचित्रवाणीवरील खेळाचे शीर्षक झाला. तोच खेळ हिंदीत २००६ साली आणि मराठीत २०१८ साली ‘बिग बॉस’ या नावाने आला. ज्या कल्पनेने वाचकाची झोप उडावी, ती रात्रीच्या जेवणाबरोबर पाहण्याची करमणूक बनली. दुसरीकडे राजकारणात ऑर्वेलचे नाव हे प्रतिपक्षावर फेकण्याचे हत्यार झाले आहे. डाव्यांना ते उजव्यांविरुद्ध उपयोगी पडते आणि उजव्यांना डाव्यांविरुद्ध. सत्तेवर असताना ज्यांना ऑर्वेलचे विस्मरण होते, त्यांना विरोधी बाकांवर बसताच त्याची उतारेच्या उतारे आठवण येते. कीर्ती एवढी वाढली की शिकवण पातळ झाली, असा हा प्रकार आहे.

ऑर्वेलची खरी शिकवण टेहळणीच्या यंत्रांविषयी फारशी नव्हती. यंत्रे त्याच्या काळातही होती आणि आजही आहेत. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी कॅमेरे लागले. नाशिक विभागातीलच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या गोष्टींचा उपयोग आणि दुरुपयोग यांवर वाद होत राहील, आणि तो व्हायलाही हवा. पण कॅमेरा निदान डोळ्यांना दिसतो. ऑर्वेलला ज्या गोष्टीची अधिक धास्ती होती ती दिसत नाही, कारण ती आपल्याच तोंडात असते. ती गोष्ट म्हणजे भाषा.

मराठी वार्तापत्राचा लेखक

ऑर्वेलचा मराठीशी आलेला संबंध फारसा कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंत, तो बीबीसीच्या पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात नोकरीस होता. हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी युद्धाच्या घडामोडींवर साप्ताहिक भाष्य लिहिणे हे त्याचे एक काम. यांतील कित्येक मजकूर तो इंग्रजीत लिही आणि ते हिंदी भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. त्या भाषांत गुजराती, बंगाली आणि तामिळ यांच्याबरोबर मराठीही होती. त्याच्या सहकाऱ्यांमध्ये वेणू चितळे या महाराष्ट्रीय लेखिका होत्या. १९४२ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ध्वनिक्षेपकाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्पसन ही मंडळी जमली आहेत, मागे ऑर्वेल उभा आहे, आणि त्याच मेळाव्यात वेणू चितळे बसल्या आहेत. पुढे १९५० साली त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही पुण्याच्या एका एकत्र कुटुंबावरील इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

तेव्हा ज्या भाषेत आज ऑर्वेलचे अनुवाद वाचले जातात, त्या भाषेत त्याचा मजकूर ‘ॲनिमल फार्म’ लिहिले जाण्यापूर्वीच उच्चारला गेला होता. पण तो कोणत्या परिस्थितीत? प्रत्येक शब्दावर युद्धकालीन सेन्सॉरचा शिक्का होता. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींसह काँग्रेसचे सारे पुढारी तुरुंगात गेले. नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना शेजारच्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याच काळात लंडनहून हिंदुस्थानी जनतेला स्वातंत्र्याच्या युद्धात सामील होण्याचे आवाहन होत होते. ऑर्वेलला ही विसंगती बोचत होती, हे त्याच्या रोजनिशीवरून स्पष्ट दिसते. फॅसिझमचा पराभव झाला पाहिजे, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. मात्र चांगल्या कार्यासाठीसुद्धा शब्द कसे छाटावे, वळवावे आणि झाकावे लागतात, याचा अनुभव त्याने या नोकरीत घेतला. अखेर आपले श्रम वाया जात आहेत असे वाटून त्याने राजीनामा दिला आणि लगेच ‘ॲनिमल फार्म’ लिहावयास घेतले. ‘नाइन्टीन एटी-फोर’मधील ‘सत्य मंत्रालया’ची कल्पना त्याला सुचली ती रशियाविषयी वाचून जेवढी, तेवढीच लंडनमधील सरकारी प्रचाराच्या कचेऱ्या आतून पाहून.

भिंतीवरचा मजकूर

‘ॲनिमल फार्म’ समजण्यास मराठी वाचकाला अडचण पडण्याचे कारण नव्हते. पंचतंत्र येथे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले आहे. इसापच्या कथा तंजावरला १८०६ सालीच मराठीत छापल्या गेल्या होत्या. जनावरे बोलू लागली म्हणजे माणसांविषयी काहीतरी सांगायचे आहे, हे येथील शाळकरी पोरालाही कळते. या कादंबरीतील डुकरांची जुलूमशाही, घोड्याचे राबणे आणि त्याचा शेवट सर्वांच्या लक्षात राहतो. पण कथेचा खरा कणा वेगळा आहे. क्रांतीनंतर जनावरे कोठाराच्या भिंतीवर सात आज्ञा लिहितात. मग एकेका रात्री एकेका आज्ञेत एखाददुसरा शब्द वाढतो. कोणी आज्ञा रद्द केल्याची घोषणा करीत नाही. फक्त अटी जोडल्या जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फरक कळत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्यांना आपल्या स्मरणशक्तीचाच संशय येऊ लागतो. जुलूम आला तो आधी रंगाचा डबा आणि शिडी घेऊन.

‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये हेच काम एक खातेच करते. तेथील ‘न्यूस्पीक’ या सरकारी भाषेचे वैशिष्ट्य असे की तिचा कोश दर आवृत्तीला लहान होत जातो. शब्द नाहीसा झाला की तक्रार नाहीशी होईल, ही त्यामागील कल्पना. राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावरील १९४६ च्या निबंधात ऑर्वेलने हा विचार दैनंदिन गद्याला लावून दाखवला. लांबलचक, अमूर्त, उसन्या शब्दांचा आश्रय माणूस घेतो तो बहुधा काही टाळण्यासाठी. आणि टाळण्याची सवय लागली की विचार करण्याची सवय सुटते, हे त्याचे म्हणणे.

हे सारे वाचताना एखाद्या मराठी वाचकाला वाटेल की ही परदेशातील, हुकूमशहांच्या राज्यातील गोष्ट आहे. परंतु महाराष्ट्राच्या कायदेपुस्तकात १९६३ सालचा एक अधिनियम आहे. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्यासाठी तो करण्यात आला. या शब्दाच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द आला. लोकशाही मार्गाने निवडून आलेल्या विधिमंडळाने रीतसर चर्चा करून एक शब्द हद्दपार केला, याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

या अधिनियमामागील भूमिका दुष्टपणाची नव्हती, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या. त्या काळी फॅमिन म्हणजे भुकेने मरणारी माणसे. स्वतंत्र राज्यात माणसे भुकेने मरू दिली जाणार नाहीत, तेव्हा तो शब्द कालबाह्य झाला, असा युक्तिवाद करता येतो. मराठीतील ‘दुष्काळ’ या एका शब्दावर अवर्षण आणि अन्नान्नदशा या दोहोंचे ओझे असते, त्यामुळे घोटाळा अधिक वाढतो, हेही खरे. पण शब्द वगळल्याने पाऊस पडत नाही. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या दुष्काळाला लोकांनी टंचाई म्हटले नाही. आजही ग्रामीण महाराष्ट्रात वयाचा हिशेब ‘बहात्तरच्या दुष्काळा’पासून होतो, टंचाईपासून नव्हे.

या अनुभवातच ऑर्वेलच्या शिकवणीची दुसरी, उजळ बाजूही सापडते. त्याच दुष्काळाच्या कामांतून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘हमी’ हा बाजारात, बैलाच्या व्यवहारात वापरला जाणारा रांगडा शब्द. त्याचा अर्थ विचारण्यास कोणाला कोशाकडे जावे लागत नाही. काम मागितले तर काम मिळाले पाहिजे, आणि ते न दिल्यास सरकार शब्दाला चुकले, एवढा अर्थ त्यात स्वच्छ आहे. एका शब्दाने जबाबदारी झाकली होती. दुसऱ्याने ती अंगावर घेतली. शासनाची भाषा नेहमी फसवीच असते असे मुळीच नाही. ती प्रामाणिक असू शकते, हे याच राज्याने दाखवून दिले आहे.

अनुशासनाचे पर्व

त्यापूर्वी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली तेव्हा शब्दांचे वजन महाराष्ट्राला फार जवळून कळले. मौनात असलेल्या विनोबांनी पाटीवर लिहिलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारी प्रचाराने उचलला आणि भिंतीभिंतींवर रंगवला. सत्तेचे ते शासन आणि आचार्यांचे ते अनुशासन, असा खुलासा विनोबांनी पुढे केला. पण तोवर शब्द त्यांच्या हातून निसटून फलकांवर गेला होता. खटल्याशिवाय तुरुंगात टाकलेली माणसे कैदी नव्हती, ती ‘स्थानबद्ध’ होती. अशा स्थानबद्धांनी नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंगही भरला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली. त्यांचे शब्द साधे होते. ज्या काळात सगळे शब्द सजवले जात होते, त्या काळात साधा शब्द हेच धाडस ठरले. त्यांना पुढे अटकही झाली.

त्या काळाविषयी बोलताना ऑर्वेलची आठवण अनेकांनी काढली, आणि ती योग्यही होती. मात्र आणीबाणी उठली म्हणजे ऑर्वेलचे काम संपले, असा जो समज झाला तो चुकीचा होता. आणीबाणीचे शब्द मोठे आणि रंगवलेले होते. ते ओळखू येत. नित्याच्या कारभारातील शब्द लहान, सभ्य आणि टाईप केलेले असतात.

शिक्षकांना त्याचा अनुभव सर्वांत जवळचा आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणतात. तो वर्ग घेतो, पेपर तपासतो, जनगणनेला आणि निवडणुकीला जातो. पण त्याला वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. सेवा आणि मान हे दोन्ही शब्द मराठीत पवित्र आहेत. त्यांच्याच आडोशाने ही रक्कम प्राथमिक शाळेत महिना सहा हजार रुपयांवर वर्षानुवर्षे थांबून राहिली. २०२३ साली ती सोळा हजार झाली. अंगणवाडीतील बाईंना ‘सेविका’ आणि आशाताईंना ‘स्वयंसेविका’ म्हणण्यामागेही हेच व्याकरण आहे. जो नोकर आहे त्याला पगार मागता येतो; जो सेवक आहे त्याने मागणे शोभत नाही. एवढा सारा अर्थसंकल्प एका पदनामात मावतो.

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील आदिवासींना हे अधिक कठोरपणे शिकावे लागले. बापजाद्यांपासून कसलेल्या वनजमिनीवर ते सरकारी दप्तरात ‘अतिक्रमणधारक’ होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले आणि त्याच माणसांना ‘दावेदार’ म्हटले. जमीन तीच, नांगर तोच. शब्द बदलला आणि गुन्हेगाराचा हक्कदार झाला. तो हक्क सातबाऱ्यावर उतरावा म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. शब्दांच्या निवडीला ‘केवळ भाषेचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांनी त्यांचे फुटलेले तळपाय आठवावेत.

करण्यात येत आहे

या चर्चेवर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. कारभाराला परिभाषा लागते. २०२३ सालच्या ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’ या भेदालाही आधार होता. केंद्राच्या २०१६ च्या संहितेप्रमाणे पर्जन्यमान, भूजल, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती असे निर्देशांक तपासून तालुका ठरवला जातो. त्या चाळणीतून खाली राहिलेल्या मंडळांनाही राज्याने जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी दिली, ही गोष्ट शासनाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ऑर्वेललाही सरसकट संत मानण्याचे कारण नाही. मृत्यूपूर्वी काही महिने, १९४९ साली, त्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचारविभागाला अडतीस लेखक-पत्रकारांची नावे कळवली. ही माणसे कम्युनिस्टांकडे झुकलेली असल्याने भरवशाची नाहीत, असे त्याचे मत होते. टेहळणीच्या सर्वांत मोठ्या टीकाकाराने यादी करावी, हे त्याच्या चाहत्यांना अवघड वाटते. वाटलेच पाहिजे. ज्या कसोट्या त्याने शिकवल्या त्या त्यालाही लागू होतात, हेच त्या कसोट्यांचे सामर्थ्य आहे.

परिभाषा आणि पडदा यांतील फरक मात्र ओळखता येतो. परिभाषेने गोष्ट अधिक नेमकी कळते, पडद्याने कमी कळते. मराठी कारभाराचा सर्वांत मोठा पडदा कोणत्याही अवघड शब्दाचा नाही. तो कर्मणी प्रयोगाचा आहे. ‘कार्यवाही करण्यात येत आहे.’ ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ ‘निधी उपलब्ध झाल्यानंतर निर्णय घेण्यात येईल.’ या वाक्यांत क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता तेवढा नाही. कार्यवाही कोण करीत आहे, विचार कोणाच्या डोक्यात चालू आहे, निधी कोणी द्यायचा आहे, याचा पत्ता लागत नाही. वर्गात कर्ता ओळखण्यास न आल्याबद्दल विद्यार्थ्याचा गुण कापला जातो. कचेरीत कर्ता लपवता आला की मसुदा मंजूर होतो. ही वाक्ये लिहिणारा कारकून लबाड नसतो. त्याला मागचा कागद पाहून पुढचा कागद लिहावा लागतो, आणि सरळ वाक्य लिहिले तर ते अंगाशी येण्याची भीती असते. म्हणूनच हा प्रश्न एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा न राहता पद्धतीचा होतो.

संस्कृतप्रचुर शब्द फेकून इंग्रजी शब्द आणले की भाषा सुधारते, असेही नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ च्या पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली गेली. परंतु त्या कोशातील कितीतरी शब्द आज शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांच्या तोंडी सहज बसले आहेत. भगूरला, म्हणजे नाशिकपासून हाकेच्या अंतरावर, जन्मलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत घडवलेला ‘महापौर’ हा शब्दही आता कोणाला नवा वाटत नाही. शब्द कोठून आला यापेक्षा तो काय उघड करतो आणि काय झाकतो, हा प्रश्न महत्त्वाचा. वीज तोडण्याला ‘भारनियमन’ म्हटले की अंधारालाही शिस्त आल्यासारखे वाटते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा छापील मजकुरात ‘निश्चलनीकरण’ आले. ज्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात नव्या नोटांसाठी रात्रंदिवस यंत्रे चालली, त्या नाशिकरोडच्या बँकांपुढे रांगेत उभे असलेले लोक मात्र ‘नोटाबंदी’ म्हणत होते. तो शब्द टिकला. लोकांना नीट शब्द सापडतो, कारण त्यांना काही झाकायचे नसते.

नाशिकला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. सरकारच्या कैदेत बसून लिहिलेल्या त्या पुस्तकात एकही शब्द असा नाही की जो शाळेतल्या मुलाला अडवील. साधेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे त्या पुस्तकाने जितके सिद्ध केले तितके कोणत्याही निबंधाने केलेले नाही. ऑर्वेल आणि साने गुरुजी यांच्या स्वभावांत दोन ध्रुवांचे अंतर होते: एक रुक्ष आणि उपरोधी, दुसरे भावनेने ओथंबलेले. पण वाचकाला जे सांगायचे ते त्याच्यापासून न लपवता सांगावे, या एका बाबतीत ते एकाच पंगतीत बसतात.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे २०११ च्या जानेवारीपासून ऑर्वेल कोणालाही, कोणाच्याही परवानगीशिवाय मराठीत आणता येतो. त्याच्या कादंबऱ्या मराठीत आल्याही आहेत. त्या वाचल्या जाव्यात. १८४० पासून वाचनाची परंपरा सांभाळणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाच्या गावात हे मुद्दाम सांगण्याचे कारण नाही. परंतु ऑर्वेल वाचला याची खूण पुस्तकाच्या नोंदीत मिळत नाही. शिक्षकाने फळ्यावर एखादी सरकारी सूचना लिहून मुलांना तिचा कर्ता शोधावयास लावले, तर तो ऑर्वेलचा धडा ठरेल. विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या पुढाऱ्याच्या भाषणाला तीच कसोटी लावली, जी तो नावडत्या पुढाऱ्याच्या भाषणाला लावतो, तर तो धडा त्याला समजला असे म्हणता येईल. आणि टिप्पणी लिहिणाऱ्या कारकुनाने दहांपैकी एका कागदावर ‘निर्णय घेण्यात येईल’ याऐवजी कोण, केव्हा निर्णय घेणार हे लिहिले, तर कोणत्याही परिसंवादाहून मोठे काम झाले असे समजावे.

पाऊस पुन्हा कधीतरी पाठ फिरवील. सिन्नरची विहीर पुन्हा तळ गाठील. त्या वेळी याद्या निघतील, निर्देशांक तपासले जातील, आणि ते तपासलेही पाहिजेत. पण यादीबाहेर राहिलेल्या गावाला आपण का राहिलो, ते कोणी ठरवले आणि दाद कोठे मागायची, हे त्याच्या भाषेत, एका वाक्यात, कर्त्यासकट सांगण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. कोरड्या विहिरीला पाणी देणे प्रत्येक वेळी सरकारच्या हाती नसते. तिला कोरडी म्हणणे मात्र नेहमीच हाती असते.